अनुपदीना : पायाच्या मापाचा एक इतिहास

पाणिनीच्या अष्टाध्यायीत, पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, 'अनुपद' या शब्दापासून 'अनुपदीना' हे रूप सिद्ध करणारे एक सूत्र आहे. पायाच्या मापाबरहुकूम बांधलेली वहाण, असा त्याचा अर्थ टीकाकार देतात. सूत्राचा विषय अर्थातच प्रत्ययाचा आहे, पादत्राणांचा नव्हे. मिळेल ते सर्व अन्न खाणारा भिक्षू आणि सोंगट्यांच्या पटावर हलविण्याची सोंगटी हे वहाणेचे या सूत्रातील सोबती आहेत. तथापि ज्या समाजाला मापाच्या वहाणेसाठी स्वतंत्र विशेषण लागले, त्या समाजाला बेमाप वहाणेचाही चांगलाच परिचय असला पाहिजे, एवढे अनुमान या एका शब्दावरून निघते.

टीकाकारांनी या ठिकाणी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. 'अनु' या उपसर्गाचा अर्थ येथे आयाम, म्हणजे लांबी, असा घ्यावा किंवा सादृश्य असा घ्यावा, हे दोन्ही पर्याय त्यांनी खुले ठेवले आहेत. पहिल्या अर्थाने अनुपदीना म्हणजे पायाइतकी लांब वहाण. दुसऱ्या अर्थाने पायासारखी वहाण. अमरकोशकाराने पहिला अर्थ पत्करला आणि पुढे तोच रूढ झाला. वरवर पाहता हा भेद व्याकरणातील काथ्याकूट वाटेल. परंतु वहाण कशी निवडावी, ती पायाला बसते म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाचा पुढील दोन हजार वर्षांचा इतिहास याच दोन अर्थांच्या ओढाताणीतून घडलेला आहे. लांबी मोजता येते, तिला आकडा देता येतो, आणि आकडा दिला की वस्तू बाजारात मांडता येते. सादृश्य मोजता येत नाही. ते पाय जमिनीवर टेकून, चार पावले चालून आणि काही दिवस सोसून कळते.

'वहाण' हा शब्द संस्कृत 'उपानह्' या शब्दाचा वंशज आहे. पालीत 'न' आणि 'ह' यांची अदलाबदल होऊन 'उपाहना' झाले. प्राकृतात 'उवाणहा', 'वाहणा' अशी रूपे आढळतात. आद्य स्वर गळून मराठीत 'वाहाण' व पुढे 'वहाण' स्थिर झाले. 'वाहणे' या क्रियापदाशी तिचा संबंध जोडणे ही निव्वळ लोकव्युत्पत्ती होय. मूळ धातू 'नह्', बांधणे, हा आहे. उपानह् म्हणजे पायाशी बांधलेली वस्तू. कोल्हापूरकडे रूढ असलेले 'पायताण' मात्र 'पादत्राण' या शब्दाचे रूप असून त्यात रक्षणाची कल्पना आहे. 'जोडा' या शब्दात दोन नगांचे एकत्र असणे आहे, तर फारसी 'पापोश' या शब्दावरून आलेल्या 'पायपोस' या शब्दात पाय झाकणे आहे. बांधणे, राखणे, जोडी लावणे आणि झाकणे अशा चार वेगवेगळ्या व्यापारांवरून एकाच वस्तूला नावे मिळाली. पण बसणे, म्हणजे पायाला नीट येणे, या व्यापारावरून मात्र एकही नाव मराठीत रूढ झाले नाही. अनुपदीना हा शब्द कोशातच राहिला.

वहाणेचा आणि दुखऱ्या पायाचा पहिला तपशीलवार विचार व्याकरणात वा वैद्यकात नव्हे, तर बौद्ध संघाच्या आचारनियमांत झालेला दिसतो. विनयपिटकातील महावग्गाचा पाचवा खंधक चामड्याविषयीच आहे. चंपा नगरीतील सोण कोळिविस हा अत्यंत सुखात वाढलेला श्रेष्ठिपुत्र संघात आला आणि अनवाणी चंक्रमण करता करता त्याच्या तळव्यांतून एवढे रक्त वाहिले, की फिरण्याची वाट रक्ताने माखली. वीणेच्या तारा फार ताणल्या तरी चालत नाहीत व फार सैल सोडल्या तरी चालत नाहीत, हा प्रसिद्ध दृष्टान्त बुद्धाने याच सोणाला सांगितला आहे. दृष्टान्ताचा रोख साधकाच्या प्रयत्नांवर आहे, वहाणेवर नाही. परंतु त्यानंतर लगेच सोणाला एकपदरी वहाण वापरण्याची अनुज्ञा मिळते, आणि आवळ व सैल यांच्यामधील जागा शोधण्याचा उपदेश व वहाणेची परवानगी एकाच कथेत एकत्र येतात. हा योगायोग सुखद आहे, एवढेच म्हणावे. एकट्यासाठी सवलत घेण्यास सोणाने नकार दिल्यामुळे ती सर्व संघाला लागू झाली.

याच खंधकात पुढे जे नियम येतात त्यांवरून तत्कालीन वहाणांची एक यादीच तयार होते. मेंढ्याच्या शिंगांसारखी टोके असलेल्या, विंचवाच्या नांगीप्रमाणे वळविलेल्या, मोरपिसांनी शिवलेल्या, निरनिराळ्या रंगांच्या अशा सर्व वहाणा भिक्षूंना वर्ज्य ठरतात. निषेध ज्याचा करावा लागतो ते प्रचारात असते. त्यामुळे शोभेसाठी पावलाचा आकार मोडण्याची हौस किती जुनी आहे हे येथे दिसते. उलट ज्याचे पाय दुखतात, ज्याच्या टाचा फुटल्या आहेत किंवा ज्याला 'पादखिल' झाले आहे, त्याला वहाण वापरण्याची मुभा आहे. पादखिल म्हणजे पायातील खीळ. मराठीत ज्याला कुरूप किंवा भोवरी म्हणतात तो विकार. याहून मार्मिक नियम अनेकपदरी वहाणेविषयीचा आहे. नवी अनेकपदरी वहाण निषिद्ध. पण दुसऱ्याने वापरून टाकलेली चालेल. या नियमामागे ऐषआरामाला आळा घालण्याचा हेतू आहे हे उघड आहे. मात्र चामड्याचा ताठरपणा दुसऱ्याच्या पायाने आधीच मोडून काढलेला असल्यामुळे ती वहाण सोसण्यास सोपीही जात असली पाहिजे, आणि त्याच कारणाने ती दुसऱ्याच्याच पावलासारखी झालेलीही असली पाहिजे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या खंधकाचा शेवट विशेष महत्त्वाचा आहे. सोण कुटिकण्ण हा दुसरा सोण महाकात्यायनाचा निरोप घेऊन अवंतीहून येतो आणि अवंति-दक्षिणापथाची अडचण मांडतो : तेथील जमीन वरून काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे. पावसाळ्यात गुरांच्या खुरांनी उखणलेली आणि पुढे उन्हाने दगडासारखी वाळलेली काळी रेगूर जमीन माळव्यापासून कृष्णाकाठापर्यंत ज्याने पायी तुडविली असेल त्याला हे वर्णन समजावून सांगावे लागणार नाही. बुद्धाने सीमाप्रांतांसाठी अनेकपदरी वहाणा मान्य केल्या. मध्यदेशातील मऊ गाळाच्या भूमीवर बेतलेला नियम दख्खनच्या भूमीला लागू पडत नाही, ही गोष्ट येथे रीतसर मांडली गेली आणि मान्यही झाली. पादत्राण निवडताना पायाबरोबर पायाखालची जमीनही पाहिली पाहिजे, हा विचार भारतीय वाङ्मयात इतक्या स्पष्टपणे क्वचितच आला असेल.

वैद्यकग्रंथांचा सूर निराळा आहे. चरकाने दिनचर्येत आणि सुश्रुताने रोगप्रतिबंधाच्या प्रकरणात पादत्रधारणाची स्तुती केली आहे. त्याने पायाचे विकार टळतात, डोळ्यांना हित होते, चालणे सुखाचे होते असे त्यांचे प्रतिपादन आहे. सुश्रुताने क्षुद्ररोगांत वर्णिलेला 'कदर' म्हणजे कुरूपच होय. पण त्याचे कारण तो खडे टोचणे, काटे रुतणे असे देतो. खुद्द वहाणेच्या घर्षणाने कुरूप होते याची दखल तेथे नाही. रक्षण करणारी वस्तूच पीडा देईल ही शंका 'पादत्र' या शब्दाला मानवत नसावी.

बोलीभाषेला मात्र ती शंका केव्हाच आली होती. मराठीत वहाण 'चावते'. बूट 'लागतो', चप्पल 'घासते', जोडा 'आवळतो', पण चावणे हा प्रयोग सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. नवी वहाण सजीव आहे, तिला दात आहेत, काही दिवस तेल पाजून आणि घरातल्या घरात फिरवून तिला माणसाळवावे लागते, अशी एक संपूर्ण समजूत या एका क्रियापदात दडलेली आहे. 'कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही' हा वाक्प्रचारही असाच बोलका आहे. देवळाच्या किंवा दरबाराच्या दाराबाहेरचा गोंधळ त्यात आहे हे खरे. परंतु प्रत्येक पायपोसाला त्याचा स्वतःचा एक पाय असतो, हे त्यात गृहीत धरलेले आहे. वापरलेला जोडा हा नावनिशी असलेल्या मालमत्तेसारखा होता.

हे ज्ञान बोलीत राहिले आणि ग्रंथांत गेले नाही, याचे कारण उघड आहे. चांभार हा बारा बलुत्यांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आहे त्यानुसार शेतकऱ्याच्या वहाणा करणे व दुरुस्त करणे, मोटेच्या चामड्याची डागडुजी करणे ही त्याची कामे, आणि खळ्यावरील धान्यात त्याचा वाटा. कातडे कमावणारा ढोर वेगळा, शिवणारा चांभार वेगळा. एकाच गावात, त्याच घरांसाठी, पिढ्यान्‌पिढ्या वहाणा करणाऱ्या माणसाला कोणाचा पाय पसरट आहे, कोणाची टाच फुटते, कोणाचा अंगठा करंगळीकडे झुकला आहे, हे वेगळे मोजून लिहून ठेवण्याची गरज नव्हती. टीकाकारांनी सांगितलेले सादृश्य त्याच्या बोटांत होते. पण जो हात गावातील सर्वांच्या पावलांचे आकार जाणत होता त्याच हाताला गावाने अस्पृश्य ठरविले; लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांनी त्या हाताजवळचे ज्ञान विचारलेच नाही. इतकेच नव्हे, तर वरिष्ठ म्हणविणाऱ्यांच्या घरावरून जाताना अस्पृश्यांनी वहाण काढून हाती घ्यावी, अशी सक्ती अनेक गावांतून होती. म्हणजे वहाणा करणाऱ्याला स्वतःची वहाण पायात ठेवण्याचा अधिकार नव्हता. पायातली वहाण पायातच बरी, ही म्हण ज्यांनी रूढ केली त्यांनी ती वहाणेविषयी बोलताना क्वचितच वापरली. बहुधा स्त्रिया आणि कनिष्ठ मानलेल्या जाती यांच्याविषयीच वापरली. वहाण पायाला बसते की नाही, हा प्रश्न विचारण्यापूर्वी ती घालू दिली जाते की नाही हा प्रश्न सुटावा लागतो.

कोल्हापुरी चपलेच्या रूपाने ही कारागिरी आजही डोळ्यांसमोर आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, चामड्याच्याच वादीची शिवण, दोन्ही बाजूंचे कान, त्यांना जोडणारा पट्टा आणि अंगठ्याची पकड अशी तिची रचना. कापशी, पुकरी, कचकडी, बक्कलनाळी ही तिच्या प्रकारांची नावे कारागिरांच्या तोंडी आहेत. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले कातडे घाम शोषून घेते, दाबाने हळूहळू दबते आणि टाच, चवडा व बोटे यांचे ठसे धरून ठेवते. त्यामुळे ही चप्पल दुकानात पायाला पूर्ण बसलेली नसते. ती महिन्याभराने बसते. पायाच्या आकाराचे शेवटचे काम पायच करतो. म्हणून ती निवडताना जाणकार मनुष्य लांबीपेक्षा पट्ट्याकडे अधिक लक्ष देतो. पट्टा प्रथम किंचित आवळ असावा, कारण कातडे सैल होते. टाच मात्र तळाच्या बाहेर जाता कामा नये, कारण तळ वाढत नाही. उत्तर हिंदुस्थानातील परंपरागत जुतीत डावा-उजवा भेदही नसे; तो पायांनी वापरून पाडावा, अशीच अपेक्षा होती. 2019 साली कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक निर्देशांक मिळाल्याचे जाहीर झाले. कृष्णेच्या खोऱ्यातील ही कला भाषेच्या सीमेवर थांबत नाही, हे त्यातून शासनानेही मान्य केले.

युरोपातही डाव्या-उजव्याचा प्रश्न सरळ सुटलेला नाही. मध्ययुगात तेथे दोन पायांचे जोडे वेगळे होत. 1600 च्या सुमारास उंच टाच आली, आणि टाचेच्या जोड्यासाठी डाव्या-उजव्याची दोन कलबुते घडविण्यापेक्षा एकच सरळ कलबूत वापरणे सोयीचे ठरले. सुमारे दोनशे वर्षे राजेरजवाड्यांपासून शिपायांपर्यंत सर्वांनी दोन्ही पायांत एकाच आकाराचे जोडे घातले. कलबूत म्हणजे ज्याच्यावर जोडा ताणून शिवतात तो लाकडी पाय. आजचे कारागीर त्यास फर्मा म्हणतात. कलबूत आले की जोडा पायावर बेतला जात नाही, पायाच्या प्रतिनिधीवर बेतला जातो. हा प्रतिनिधी किती प्रामाणिक आहे, यावर पुढचे सर्व अवलंबून राहते.

त्याच्या प्रामाणिकपणाची पहिली शास्त्रीय तपासणी पेट्रुस कांपर या डच शारीरशास्त्रज्ञाने केली. उत्तम जोड्याच्या आकाराविषयीचा त्याचा प्रबंध 1781 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणताही विषय, कितीही क्षुल्लक असला तरी, जाणकाराच्या हाती मनोरंजक होतो हे विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी त्याने तो लिहिला असे सांगतात. घोडे व बैल यांच्या खुरांचा विचार थोर पंडितांनी केला, पण माणसांच्या पावलांकडे दुर्लक्ष झाले, अशी त्याची तक्रार होती. पुढे झ्युरिचचा हेर्मान फोन मायर याने 1850 नंतरच्या दशकात ही तक्रार भूमितीत मांडली. निरोगी पावलात अंगठ्याच्या मध्यातून मागे ओढलेली रेषा टाचेच्या मध्यातून जाते. बाजारातील जोड्याचे टोक मात्र मध्यभागी असते. म्हणून जोडा अंगठ्याला करंगळीच्या दिशेने ढकलतो आणि त्याच्या मुळाशी हाड वर येते. टीकाकारांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, हा जोडा आयामाने अनुपदीन होता, सादृश्याने नव्हता. अमेरिकी सैन्यातील डॉक्टर एडवर्ड मन्सन याने सुमारे 2,000 सैनिकांची पावले तपासून बेतलेले कलबूत व 1912 चा त्याचा ग्रंथ हे याच विचाराचे फळ होय. ओझ्यासह उभ्या असलेल्या सैनिकाचे पाऊल मोजावे, असा त्याचा आग्रह होता. उभे राहिले की पाऊल लांबते व पसरते. बसलेल्या गिऱ्हाइकाचे माप घेणारा दुकानदार वेगळेच पाऊल मोजत असतो.

आकड्यांचा व्यवहार मात्र लांबीच्याच आधाराने चालत राहिला. इंग्रजी मापात एका आकड्याचे अंतर म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, एक तृतीयांश इंच. फ्रेंच पद्धतीत ते दोन तृतीयांश सेंटिमीटर. 1920 नंतरच्या दशकात अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक याने जे साधन तयार केले त्यात लांबी व रुंदी यांच्याबरोबर टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंतचे अंतरही मोजता येई. ही सुधारणा लहान वाटली तरी मूलभूत आहे. जोडा जेथे वाकतो आणि पाऊल जेथे वाकते ती जागा एकच असली पाहिजे. बोटे लांब असलेल्या आणि बोटे आखूड असलेल्या दोन माणसांची पावले एकाच लांबीची असली तरी त्यांचे सांधे वेगळ्या जागी येतात. याच काळात दुकानांतून क्ष-किरणांची यंत्रे बसविण्यात आली. पायाची हाडे जोड्यात कशी बसली आहेत ते गिऱ्हाइकास, विशेषतः मुलांस, प्रत्यक्ष दिसे. किरणांचा धोका ध्यानी आल्यावर 1950 नंतर ती यंत्रे हळूहळू बंद करण्यात आली. हाडे दिसली म्हणून मांसाला व त्वचेला काय वाटते ते दिसत नव्हते, हा त्यांचा दुसरा आणि कमी चर्चिला गेलेला दोष.

हिंदुस्थानात बूट आला तो पायाच्या सुखासाठी नव्हे. 1854 च्या सरकारी ठरावाने युरोपीय पद्धतीचे बूट व मोजे घालणाऱ्या हिंदी गृहस्थांना समारंभांत ते न काढण्याची मुभा दिली. देशी जोडा मात्र बाहेर काढावा लागे. साहजिकच शिकलेल्या वर्गाने बूट पत्करला तो मानासाठी. पुढे 1930 नंतर बाटा कंपनीने कलकत्त्याजवळ कारखाना काढला, तयार आकड्यांचे स्वस्त जोडे गावोगाव पोहोचले, आणि अनवाणी असलेल्या लक्षावधी पायांना प्रथमच पादत्राण मिळाले. आकड्याच्या जोड्यावर टीका करताना हे ऋण विसरता येत नाही. बलुत्याच्या वहाणेत जी ओळख होती ती या जोड्यात नव्हती, पण कोणाच्या घरावरून जाताना तो काढावा, अशी अटही दुकानदार घालीत नव्हता.

मात्र हे आकडे परदेशी पावलांवरून बेतलेले होते. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशातील 79 ठिकाणी 1,01,880 व्यक्तींची पावले त्रिमितीय यंत्रांनी मोजली. भारतीय पाऊल चवड्याशी अधिक रुंद असते, आणि अरुंद जोड्यात ते मावावे म्हणून लोक लांबीने मोठा जोडा घेतात, हा त्या पाहणीचा मुख्य निष्कर्ष होय. मोठा जोडा घेतला की टाच उचलते, ती धरून ठेवण्यासाठी नाडी करकचून आवळली जाते, आणि जोडा वाकण्याची जागा पावलाच्या सांध्याच्या पुढे सरकते. रुंदीची उणीव लांबीने भरून काढण्याचा हा व्यवहार लक्षावधी लोक आपापल्या पायांवर गुपचूप करीत होते आणि दोष आपल्या पायाला देत होते. 'माझा पाय वेडावाकडा आहे' हे वाक्य चपलांच्या दुकानात नेहमी ऐकू येते; 'हे कलबूत वेडेवाकडे आहे' असे कोणी म्हणत नाही. संस्थेने 'भा' या नावाने सर्व देशासाठी एकच नवी मापपद्धती सुचविली. प्रांतवार पावलांत इतका फरक आढळला नाही की त्यासाठी वेगळी मापे लागावीत.

या सर्व इतिहासात एक गोष्ट सतत गृहीत धरलेली आहे : जोडा बसला नाही तर पाय दुखेल आणि मनुष्याला ते कळेल. सोण कोळिविसापासून चपलेच्या दुकानातील गिऱ्हाइकापर्यंत सर्वांचा अंतिम पंच वेदना हाच आहे. ज्या पायाला वेदनाच नाही तेथे काय करावे, हा प्रश्न वेल्लोर येथे पुढे आला. पॉल ब्रँड हे शल्यवैद्य 1946 मध्ये तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्याच्या पायाची बोटे व तळवे झडतात ते रोगाने मांस कुजून, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. ब्रँड व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की रोग मज्जातंतूंची जाणीव नष्ट करतो. जखमा होतात त्या खिळ्याने, खड्याने, आणि फार मोठ्या प्रमाणावर न बसणाऱ्या पादत्राणाच्या अखंड दाबाने. निरोगी मनुष्य दिवसभर नकळत पावलावरील भार बदलीत असतो, लंगडतो, वहाण काढून ठेवतो. बधिर पाऊल यापैकी काहीच करीत नाही. नवा जोडा त्याला चावला तरी मालकाला सायंकाळी रक्त दिसेपर्यंत पत्ता लागत नाही.

त्यातून सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा थर असलेल्या चपला तयार झाल्या. बाजारातील स्पंजासारखा हा थर पहिल्याच महिन्यात चपटा होत नाही. तो दाब तळव्यावर पसरवितो. खाली काटा शिरू नये म्हणून कठीण तळ, टाच घसरू नये म्हणून मागे पट्टा, आणि खिळ्यांचा पूर्ण अभाव, अशी तिची रचना होती. मधुमेहाने ज्यांच्या पायांची जाणीव गेली आहे अशा रोग्यांना आज जे सांगितले जाते ते या अनुभवावर आधारलेले आहे. नवे पादत्राण पहिल्या दिवशी थोडाच वेळ घालावे. काढल्यावर तळवा व बोटांच्या फटी पाहाव्यात. त्वचेवर उठलेला लाल डाग काही वेळाने मावळत नसेल तर ते पादत्राण त्या पायाचे नव्हे असे समजावे. आणि पाय घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी आत हात फिरवून खडा, सुरकुती वा टोक लागते का ते चाचपावे. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, किंवा घरातील दुसऱ्या माणसाने तो रोज पाहावा. बलुतेदार चांभार गावातील पावले ज्या रीतीने ओळखीत असे, त्याच रीतीने, म्हणजे डोळ्यांनी आणि हाताने, हे काम होते.